तारीख आतल्या बाजूला

आमच्या ह्यांना सगळे उस्ताद म्हणतात. उभा जन्म लोकांच्या गाड्यांना टायर बसवण्यात गेला. स्वतःची म्हणाल तर एकच, भंगारातून उचललेली दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार. तिच्या चाकांना सायकलसारख्या तारा, त्या ह्यांनी एकेक करून ताणल्या. जो तो सांगायचा, रुंद, चकचकीत चाकं घाला. हे म्हणायचे, "म्हातारीला उंच टाचांची चप्पल कशाला? स्टिअरिंग जड होईल, वळणावर टायर पत्र्याला घासेल."

ह्यांना जुन्या मापाचे अरुंद टायर हवे होते. ते धाकट्या भावजींनी मिळवले. "नवे कोरे आहेत, दादा," म्हणाले. ह्यांची कंबर धरली होती, म्हणून बसवूनही दिले. मी मेली त्यांना चहा करून देत होते!

पहिल्याच फेरीत, लेक शेजारी बसलेली असताना, पुढचा टायर फुटला. गाडी कठड्याला घासत थांबली. दोघं वाचली, एवढंच.

रबर नुसतं पडून राहिलं तरी जुनं होऊन फुटतं, म्हणून टायर कधी बनला ते त्याच्या एकाच बाजूला कोरलेलं असतं. ती बाजू बाहेर ठेवायची, गिऱ्हाइकाला वाचता आली पाहिजे, हा आमच्या दुकानाचा नियम. भावजींना तो ह्यांनीच शिकवलेला. ह्यांनी चाकं काढली, तर चारही टायरांची तारीख आतल्या बाजूला होती. लेकीच्या जन्माआधीची.

भावजी म्हणाले, "मलाही कुणीतरी फसवलं, दादा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे हळूच म्हणाले, "मग लपवलीस कशाला?"