शेवटच्या खड्ड्यातला आवळा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या साताऱ्याकडे मसणवट्यातून सायकल दामटत शाळेला गेलेला माणूस मी. तरी त्या डोंगरावर भरदुपारी जायचं म्हटलं की आजही पाय जड होतात, हे आधीच कबूल करून टाकतो.

बोईसरची कंपनी सुटली आणि सरावलीच्या खोलीत बसून बायकोची बोलणी खात होतो, तेव्हा हे काम मिळालं. सरकारी योजना. डोंगरावर झाडं लावायची, पायथ्याशी शेणखतावर सेंद्रिय भाजीपाला पिकवायचा आणि पाड्यावरच्या लोकांना गावातच काम द्यायचं, म्हणजे दिवाळी झाली की पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर जायला नको. मी मुकादम. खड्डे बघायचे, हजेरी घ्यायची, प्रत्येक रोपाचा मोबाइलवर फोटो काढून वर पाठवायचा.

टोळीत एक म्हातारी होती. मी तिला मावशी म्हणायचो. तिची एकुलती लेक आदल्या दिवाळीनंतर भट्टीवर गेलेली. पावसाआधी भट्ट्या बंद झाल्या, सगळे परतले, ती नाही. कुणी म्हणे ठेकेदारानं दुसरीकडे नेली. फोन लागत नव्हता. मावशीनं मात्र हट्टानं तिचं नाव हजेरीत घालून घेतलं होतं. "आता काम हितंच हाय. ती आली का परत जायची नाय," म्हणायची. रोज सकाळी मी ते नाव पुकारलं की मावशीच उत्तर द्यायची, "येनार हाय." मी पुढच्या नावाला जायचो.

आषाढात लावणी सुरू झाली. डोंगरावर असं धुकं की शेजारचा माणूस दिसेना. खालच्या कारखान्यांचा भोंगा तेवढा कुठूनतरी यायचा. मावशी प्रत्येक खड्ड्यात चिमूटभर तांदूळ टाकी आणि काहीतरी पुटपुटे. एकदा विचारलं, तर म्हणाली, "पाड्यावरची मेलेली मानसं. ज्याचं नाव घेतलं तो झाड धरून बसतो. मग झाड मरत नाय."

"मावशी, सरकारला कळलं तर त्यांचीही हजेरी लावावी लागेल," मी म्हटलं. तीही हसली.

शेवटच्या दिवशी एक खड्डा आणि आवळ्याचं एक रोप उरलं. मावशीकडची नावं संपली होती. ती पाणी प्यायला खाली गेली, आणि मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. वाटलं, म्हातारीला बरं वाटेल. तिच्या फडक्यातले तांदूळ घेतले, खड्ड्यात टाकले, तिच्या लेकीचं नाव मोठ्यानं घेतलं आणि रोप लावून माती दाबली. फोटोही पाठवला. ती वर आल्यावर कौतुकानं सांगितलंसुद्धा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

मावशी रोपापाशी खाली बसली. "उपट दादा," म्हणाली. "माजी पोर जिती हाय."

"तुम्हीच उपटा की."

"ज्यानं लावलं त्यानंच काढायचं."

पण फोटो गेला होता. तपासणीत खड्डा रिकामा दिसला असता तर माझीच नोकरी गेली असती. मी म्हटलं, दिवाळीनंतर तपासणी होऊ दे, मग उपटतो. घाबरत होतो मी, भुतांना नसलो तरी साहेबांना.

पाऊस गेला तशी रोपं माना टाकायला लागली. मेलेल्यांची नावं घेतलेली असूनसुद्धा. आवळा तेवढा फोफावला. शेळ्या सगळ्या ओळीचा पाला ओरबाडायच्या आणि त्याच्यापाशी आल्या की वळसा घालून जायच्या. वारा पडलेला असायचा, कुठं पान हलत नसायचं, आणि त्याची पानं बारीक थरथरत असायची. मी तिकडं पाठ करून जेवायला बसायचो.

तपासणीच्या साहेबांनी त्याच झाडाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. "असं जगवायचं असतं," म्हणाले. मावशी माझ्याकडं बघत होती. मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुदळ घेऊन गेलो. पहिला घाव घालणार, तर मावशीनं मागून दांडा धरला.

"नको दादा."

"तुम्हीच म्हणाला होता ना, मावशी?"

"तवा ती कुठंतरी होती. आता ठाव नाय." आवळ्याकडं बघत ती हळूच म्हणाली, "ती हितंच आली असंल तर?"

मग तिनं आपल्या पिण्याच्या बाटलीतलं सगळं पाणी बुंध्याशी ओतलं. मी कुदळ घेऊन खाली आलो.

सकाळी हजेरी घेताना सवयीनं लेकीचं नाव पुकारलं. पुढच्या नावावर बोट ठेवलं होतं.

मावशी डोंगराकडं बघून म्हणाली, "हाय."

मी हजेरी लावली.