चाकाखालचं लिंबू

रोह्याहून निघालो तेव्हापासूनच गाडी डावीकडे ओढत होती. पेणला रामवाडीत टायरचं दुकान दिसलं आणि थांबलो. दुकानवाला उकिडवा बसला आणि वैद्याने नाडी बघावी तसा डोळे मिटून पुढच्या टायरवर तळवा फिरवू लागला. टायर एका बाजूने पार गुळगुळीत झाला होता. मी हायवेला, ठेकेदाराला, सरकारला मनसोक्त शिव्या घातल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“हवा कधी बघितली?”

“दसऱ्याला पूजा करतो की! चारी चाकांखाली लिंबू ठेवतो.”

“लिंबू हवा भरत नाय, साहेब. अलाइनमेंट?”

मी रुमालाने आरसा पुसू लागलो.

“पुढचे टायर काढून मागच्या चाकांना कधी लावले?”

“चालतंय तोवर कशाला हात लावायचा?”

“व्हय,” जॅक लावत तो म्हणाला, “एकावरच सगळा भार टाकायचा, आन् तो ओरडत नाय म्हणून सगळं ठीक हाय समजायचं.”

बाकावर बसलेली माझी बायको रोह्यापासून पहिल्यांदाच बोलली, “दादा, हे जरा परत सांगा. यांना कमी ऐकू येतं.”

त्याने माझ्याकडे बघून तेच वाक्य मोठ्याने सांगितलं. हसला मात्र नाही.

हवा आता मी दर पंधरा दिवसांनी बघतो. सकाळचा चहा अजून तीच करते.