आगोटीच्या दिवसांत मिळालेली पडवी

तीस सालाच्या आगेमागची गोष्ट. मी अलिबागच्या हायस्कुलात इंग्रजी सहावीत जाणार होतो. आमचा कोळीवाडा खाडीच्या पलीकडे. पावसाळ्यात खाडी चढली की होडी बंद, आणि होडी बंद की माझी शाळा बंद. उन्हाळ्याची सुट्टी लागताना हेडमास्तरांनी बोलावून बजावलं, "शाळा उघडायच्या आत इथे कुठे तरी राहायची सोय कर, नाहीतर नाव काढून टाकतो." माझ्या बाला, म्हणजे वडिलांना, हे ऐकून बरंच वाटलं. त्याला मासेमारीला एक माणूस कमीच पडत होता. आमच्या वाड्यातलं कोणी तोवर मॅट्रिकच्या आसपासही फिरकलं नव्हतं, आणि मला तर मॅट्रिक व्हायचंच होतं. सगळं अडलं होतं ते एका खोलीवर.

मी आळ्याच्या आळ्या पालथ्या घातल्या. बोलणं सगळीकडे गोडीत सुरू व्हायचं. गाव कुठलं, वडील काय करतात, इथवर गाडी आली की त्या खोलीत अचानक कोणी तरी भाचा राहायला येणार असायचा. त्या वर्षी अलिबागेत इतके भाचे येणार होते की त्यांच्यासाठी वेगळी शाळाच काढावी लागली असती! शेवटी कचेरीतल्या एका कारकुनाच्या घरी गेलो. त्यांची बाजूची पडवी रिकामी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. कारकूनबाईंनी दारातच सांगितलं, "नको रे बाबा, घराला मासळीचा वास लागेल." आणि त्याच वेळी आतून बोंबील तळल्याचा खमंग वास येत होता. माझं डोकं असं फिरलं की मी तडक होडी गाठली.

घरी येऊन आयपुढे सगळा राग ओकलो. आय रोज डोक्यावर पाटी घेऊन अलिबागेत मासळी विकायची. तिने एवढंच विचारलं, "कंच्या घरची बाय?" मी घर सांगितलं. "माज्या दारावरची?" म्हणाली आणि पाटी धुवायला घेतली.

आमच्या बायकांत दारं वाटलेली असत. एकीच्या दारावर दुसरी पाटी उतरवत नसे. उतरवली तर वाड्यात तिच्याशी कोणी बोललं नसतं. दुसऱ्या दिवसापासून आय त्या आळीतून जाई, पण त्या घरापुढे काही थांबेना. दिवस आगोटीचे, म्हणजे पावसाळाभर पुरतील एवढे सुके बोंबील आणि सोडे घरात भरून ठेवायचे. कारकूनसाहेब स्वतः पिशवी घेऊन बाजारात गेले, तर तिथेही आमच्याच वाड्यातल्या बायका. एकीने सोड्यांवर हात ठेवून सांगितलं, "तुमचा दार तिचा हाय. तिलाच इचारा." हे कानावर आलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो आजही ओसरलेला नाही.

अखेर एके सकाळी कारकूनबाई ओटीवर येऊन हाका मारू लागल्या. मी त्या दिवशी आयबरोबर होतो.

"अगं, अशी काय रागावलीस? ठेव तुझ्या मुलाला पडवीत. पण मासळी रांधायची नाही हो त्याने."

आयने पाटी खाली उतरवलीच नाही. "त्यो कशाला रांधल, बाय? तुमच्यात रोज रांधतातच. त्यातलाच एक ताट त्याला वाढा. भाड्याची नि जेवनाची मासली मी घालीन."

बाई घुटमळल्या. तेवढ्यात आतून कारकूनसाहेबांचा आवाज आला, "हो म्हण, आधी हो म्हण!"

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आयने सणासुदीचं लुगडं नेसलं, अंबाड्यात अबोली माळली आणि पाटीच्या जागी माझी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेतली. मी घेतो म्हटलं तर म्हणाली, "तू म्होरं चाल. बगू दे लोकांना." जवळची वाट सोडून तिने मला नाही म्हटलेल्या एकेका घरावरून नेलं. माझी छाती फुगली होती आणि मी ती मुळीच लपवत नव्हतो. एका घरातून सवयीने हाक आली, "काय आणलंस गं आज?"

आय थांबली. डोक्यावरची ट्रंक सावरून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोर आनलाय, बाय. इकायचा न्हाय, ठेवायचा हाय."