पायी चालणाऱ्यांचा रकाना

मंगळवेढ्याला माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा त्या उपविभागात मी एकटीच बाई अभियंता होते. रस्त्याच्या कामावर लोक मला आधी शाळेतली बाई समजायचे, नाहीतर नर्स. आता निवृत्त होऊन सोलापुरात राहते. नोकरीत पुष्कळ रस्ते झाले, पण मनात पहिल्यांदा येतो तो तिथला एक ओढा.

ओढ्याच्या पलीकडे मेंढपाळांची वाडी होती आणि अलीकडे गाव, शाळा, एसटीचा थांबा. मधला कच्चा रस्ता सरळ ओढ्यात उतरायचा. वाडीने पूल मागितला होता. जिल्ह्याच्या आराखड्यात पूल बसवायचा, तर त्या रस्त्यावर वाहतूक किती हे आधी दाखवावं लागे. त्यासाठी आठवडाभर मी आणि आमच्या खात्यातला, रस्त्याची डागडुजी करणारा एक वयस्क मैलकुली सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बाभळीखाली बसलो. छापील कागदावर ट्रक, बस, जीप, मोटारसायकल, सायकल, बैलगाडी असे रकाने होते. रकाने बहुतेक कोरेच राहत होते.

तिसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन चाललेली एक बाई थांबली. वय पन्नाशीच्या पुढे, खांद्यावर घोंगडी.

"काय लिवताय, ताई?"

"इथून किती गाड्या जातात ते."

"आन् माणसं?"

"माणसांचा रकाना नाही यात."

ती कागदाकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "आमच्याकडं गाडी न्हाय, म्हून आमी जातच न्हाय व्हय हितनं?"

ती खाली टेकली आणि सांगत गेली. तिकडे खरा पाऊस येतो भादव्यात. तेव्हा ओढा भरला की दोन-दोन, तीन-तीन दिवस उतरत नाही. पोरांना बाप खांद्यावर घेऊन काढतात. पोरी मोठ्या झाल्या की त्यांना कोण उचलणार? मग त्या घरीच बसतात. तिची नात सातवीपर्यंत शिकली होती. "लई हुशार हाय. पर आता बसली की घरी," एवढंच ती म्हणाली आणि मेंढरांमागे निघून गेली.

त्या दुपारी मी कागद उलटा केला आणि पट्टीने नवे रकाने आखले : पायी बाया, पायी पुरुष, शाळेची मुलं, शाळेच्या मुली, मेंढरं. मैलकुली हसला. पण दुसऱ्या दिवसापासून मेंढरं तोच मोजायला लागला, कारण माझी गणती चुकायची.

आमचे उपअभियंता निवृत्तीला आले होते. कागदावर खाडाखोड दिसली तरी परत पाठवायचे. माझे कागद त्यांनी पुढून पाहिले, मागून पाहिले.

"हे नमुन्यात बसत नाही."

"हो, साहेब."

"मग लिहिलं कशाला?"

चाचरत मी त्यांना त्या बाईचं आणि तिच्या नातीचं सांगितलं. त्यांनी जीप काढायला सांगितली.

ओढ्यात ते बूट काढून उतरले. बाभळीच्या फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत मला दाखवलं. "पूर इथवर येतो. ही खूण कागदावर घ्या. पूल याच्या वर पाहिजे." पूल सुचवायचा की नाही, हा प्रश्न त्यांनी तिथेच संपवला होता. परत येताना जीपमध्ये म्हणाले, "तो नमुना आपल्यासारख्याच कुणीतरी टेबलावर बसून केलेला असतो."

पहिल्या वर्षी प्रस्ताव परत आला. त्यांनी माझ्या उलट्या कागदाची टंकलिखित प्रत जोडून तो पुन्हा पाठवला. पुढच्या वर्षी पूल आराखड्यात आला, पण तोवर ते निवृत्त झाले होते. आणि त्या बाईच्या नातीचं लग्नही होऊन गेलं होतं.

पूल मी बांधून घेतला. तो खुला झाला त्या सकाळी ती बाई मेंढरं घेऊन आली. मेंढरं नव्या काँक्रीटवर पायच ठेवीनात. पुलाशेजारून नेहमीसारखी ओढ्यात उतरली. ती एकटीच पुलावरून चालत आली. "सवय न्हाय त्यास्नी. हुईल की," म्हणाली. मग मागून शाळेच्या तीन मुली दप्तरं घेऊन आल्या. मी नातीबद्दल विचारलं. "तिचं ऱ्हायलं ते ऱ्हायलं," ती म्हणाली. त्या मुली गावात शिरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

त्या रविवारी मी साहेबांच्या घरी सोलापूरला गेले. ते अंगणात पेपर वाचत बसले होते. पूल झाला म्हणून सांगितलं, फोटो दाखवला. ते हसतील, शाबासकी देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसून फोटो नीट पाहिला.

"काँक्रीटला पाणी किती दिवस मारलंत?"

"एकवीस दिवस, साहेब."

"बरं," ते म्हणाले, आणि आत वळून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.