शेवटच्यासाठी टाळ्या

पोलीस भरतीसाठी माझी लेक हिंगोलीच्या मैदानावर पळायची, सगळ्यांच्या मागं. चिडली की जोरात पळेल, या समजुतीनं मी कडेवरून ओरडायचो, "अगं, म्हैस पुढं गेली!" शेवटी ती म्हणाली, "बाबा, उद्यापासून मी येत न्हाई."

हळद मार्केटचा एक हमाल कामावरून परतताना रोज तिथं थांबायचा आणि फक्त शेवटच्यासाठी टाळ्या वाजवायचा. पिवळ्या हातांतून हळद उडायची. "शाब्बास बाई! काल लिंबाच्या झाडापाशीच थांबली व्हतीस, आज पुढं आलीस!"

त्याच दिवशी मी त्याला विचारलं, "शेवटच्यालाच काहून?"

"पयला उद्या येतोच, मालक. शेवटचा यायला पायजे ना!"

मी खजील झालो. लेक समोरून आली तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या.

ती थबकली. "बाबा, डास हायेत का?"

माझ्या टाळ्यांची तिला सवयच नव्हती. मी वाजवतच राहिलो. ती हसली आणि आणखी एका फेरीला निघाली.