आवाज साफ करणारं बटण

मैत्रिणींनो, व्हिडिओ एडिटिंगचं ॲप अपडेट केलं असेल तर हे वाचा.

आपल्या वाचनगटासाठी मी पुस्तकांचे व्हिडिओ करते, हे तुम्हाला माहीत आहेच. आज सकाळी ॲप अपडेट केलं. आता व्हिडिओखाली मराठी अक्षरं आपोआप उमटतात आणि जोडाक्षरंही तुटत नाहीत. खूश होऊन मी एक जुना व्हिडिओ उघडला. त्यात माझं वाचन चालू असताना आमचे हे आतून बोलले होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

व्हिडिओत फक्त माझा आवाज होता. कुकरची शिट्टी गेली, रिक्षांचे हॉर्न गेले आणि हेही गेले. मागचे आवाज काढायची नवी सोय जुन्या व्हिडिओंनाही आपोआप लागली होती.

तशीच शेजारच्या नसरीनआपांकडं गेले. त्या लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात.

"नक्को घबराओ ताई, सबको होरा ये," त्या म्हणाल्या. "मूळ रेकॉर्डिंग कुठं जात नाय."

त्यांनी एक बटण बंद केलं. कुकर वाजला आणि पाठोपाठ हे बोलले, "अगं, जरा जोरात वाच. इकडं ऐकू येत नाय."

"साहब तो पूरी किताब सुन रे थे," आपा हसल्या. मला वाटायचं, ह्यांना कंटाळा येतो.

अपडेट चांगलं आहे, तेवढं बटण आधी बंद करा. हा व्हिडिओ मी आज गटावर टाकतेय, ह्यांच्या आवाजासकट. तुमच्या जुन्या व्हिडिओंत मागून कोण बोलतंय?