हिंमतरावांचं अग्नियंत्र

डोणगावचे कारभारी, नावच कारभारी, सतरा वर्षं फौजेत होते, एवढंच गावाला ठाऊक. ती सतरा वर्षं त्यांनी लंगरात, म्हणजे फौजेच्या भटारखान्यात, चारचारशे माणसांची डाळ शिजवण्यात काढली, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. निवृत्त होऊन आले तेव्हा लोकांनी हार घालून विचारलं, "सीमेवर होते ना?" ते "हाव" म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं, लंगर सीमेवरच होता. हातावरचा तेलानं भाजल्याचा डाग गावानं गोळीचा ठरवला, तेव्हापासून कारभारी बाही जरा वरच ठेवू लागले.

घरात त्यांनी तांब्याभर पाणीही हातानं घेतलं नाही. बायको रुखमाबाई कधी म्हणाल्याच, "एवढी भाजी हालवा जरा," तर उत्तर ठरलेलं, "मले त्यातलं काय समजते?"

तेवीस वर्षं हे सुरळीत चाललं. मग बुलढाण्याहून हिंमतरावांचं निमंत्रण आलं. हिंमतराव म्हणजे तीन शाळांचे संस्थाचालक. फौजेशी त्यांचा संबंध इतकाच, की त्यांना गणवेश फार आवडे. भंगारातून जमवलेल्या वस्तूंचं त्यांनी खासगी संग्रहालय काढलं होतं आणि तिथं शनिवार-रविवार 'जिवंत रणभूमी' भरणार होती. सोयाबीनच्या पोत्यांचे मोर्चे, लाकडी बंदुका, फटाके आणि शाळांमधल्या मास्तरांची पलटण. शत्रू व्हायला कोणी राजी होईना, तेव्हा तासिका तत्त्वावरच्या मास्तरांना शत्रू केलं. खरा जवान म्हणून पत्रिकेवर कारभारींचं नाव ठळक छापलं.

शनिवारी प्रमुख पाहुणे तीन तास उशिरा आले. त्यांच्याशिवाय युद्ध सुरू करता येईना. दोन्ही सैन्यं एकाच लिंबाखाली शेंगा खात बसली. पाहुणे आले, दहा मिनिटांत शत्रू हरला आणि पाऊण तास सत्कार चालला.

रविवारी सकाळी हिंमतराव कारभारींना आतल्या दालनात घेऊन गेले. चौथऱ्यावर एक पितळी टाकी होती, तिला पंप, वर जाड नळी. पाटीवर लिहिलं होतं, 'अग्नियंत्र. शत्रूवर ज्वाळा सोडण्याचे शस्त्र.'

"आज हे तुम्ही चालवून दाखवायचं, कारभारीभाऊ. रॉकेल आणून ठेवलंय."

कारभारींनी टाकी लगेच ओळखली. तो लंगरातला स्टोव्ह होता. असा स्टोव्ह त्यांनी सतरा वर्षं रोज पेटवला होता.

"जुनं आहे साहेब, राहू द्या."

"पाहुण्यांना शब्द दिलाय."

मैदान गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत रुखमाबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. हिंमतराव माइकवर गरजले, "याची ज्वाळा शंभर फूट जाते!" हे ऐकून शत्रूपक्षाचे मास्तर वीस पावलं मागं सरकले. एवढं तासिकेत बसत नव्हतं.

कारभारी उकिडवे बसले. पिन मारली, पंप दिला, काडी ओढली. सूंऽऽ करत वीतभर निळी ज्योत उभी राहिली. लोक वाट बघत राहिले.

"सोडा ना ज्वाळा!"

"एवढीच होते."

"काऊन?" हिंमतरावांची शुद्ध भाषा सुटली.

कारभारींनी त्या स्वच्छ ज्योतीकडं पाहिलं आणि त्यांना राहवेना. "साहेब, हे शस्त्र नोहे, चुल्हा होय. मी लंगरी होतो. कोनावर गोळी झाडली नाही कधी."

माइक चालूच होता. सगळ्या मैदानानं ते ऐकलं. पण हिंमतरावांनी तीस वर्षं शाळातपासण्या निभावल्या होत्या. ते लगेच म्हणाले, "तर मित्रहो, आता पाहू या रणभूमीवरचं भोजन!"

शाळेतून खिचडीचं रिकामं पातेलं आणि डाळ-तांदूळ आले. कारभारींनी दोन्ही सैन्यांना कांद्यावर बसवलं. "बारीक कापा बे! वावरातली ढेकळं आहेत का?" दोन दिवसांत पलटणीच्या डोळ्यांत पहिल्यांदाच पाणी आलं. कारभारींना वाटलं होतं लोक हसतील, पण लोकांनी रांग लावली. पाहुण्यांनी तीनदा खिचडी घेतली आणि भाषण न करताच गेले.

परतीच्या बसमध्ये रुखमाबाई मेहकरपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसल्या. शेवटी कारभारींनीच विचारलं, "मी लढलो नाही म्हनून राग आला का तुले?"

"लढाई घाला चुलीत! तेवीस वर्षं मी तापात उठून भाकरी थापल्या, अन् तुमाले असं रांधता येत होतं?"



दुसऱ्या दिवशी रुखमाबाई मुद्दामच अंथरुणातून उठल्या नाहीत. कारभारींनी मुकाट्यानं कणीक मळली. दोघांच्या मापाचा हात मात्र त्यांना नव्हता, म्हणून पहिले आठ दिवस अख्खी गल्ली त्यांच्याकडं जेवली.